स्क्रीनच्या खालच्या दोन ओळी

आमच्याकडे रिकामे ट्रे कुणी मुद्दाम साठवत नाही. रोपं भरून जातात, ट्रे परत येतात, कुणीतरी घाईत शेडच्या मागं टाकून देतं, आणि एके दिवशी बघावं तर भिंतीएवढा ढीग! आमच्या सोमवारच्या मीटिंगचे किस्से असेच साठलेत. चहाला चौघं जमली की कुणीतरी ढिगातला एक ओढतं, आणि मग सगळा ढीगच अंगावर येतो.

आधी सांगते, आमची नर्सरी आहे. नर्सरी म्हटलं की लोक मला लगेच विचारतात, "अॅडमिशन कधी सुरू?" तर ती नर्सरी नाही. आमची रोपांची. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू, उसाची रोपं, आणि वर महाबळेश्वरला थंडीत स्ट्रॉबेरी. मालक मगदूम सर सांगलीत बसतात. मी साताऱ्याच्या ऑफिसात ऑर्डरी बघते. पलूसची शेड जितू सांभाळतो, महाबळेश्वरची संगीता, आणि मेढ्याची शेलार सुभेदार. एवढी पाच माणसं दोन जिल्ह्यांत पसरलेली, म्हणून दर सोमवारी सकाळी ब्राउझरमध्ये मीटिंग.

सुभेदार म्हणजे खरेच सुभेदार. तोफखान्यातून रिटायर झालेले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, आणि मीटिंगमध्ये सरांनी नाव घेतलं की खुर्चीतून उठून उभे राहतात. मग कॅमेऱ्यात आम्हाला फक्त शर्टाची बटणं दिसतात.

पण तोफांनी त्यांचे कान खाल्लेले. समोरासमोर ओठ बघून निभावून न्यायचे. स्क्रीनवर कसलं जमतंय? प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "जी सर, एक नंबर!"

एकदा सरांनी विचारलं, "सुभेदार, टोमॅटोची रोपं किती मेली?"

"सगळी, सर! एक नंबर!"

आम्ही हसून लोळलो. जितूनं तर कॅमेरा बंद केला. सुभेदारही हसले, सगळे हसतायत म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याला माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"ताई, सायबांना सांगा, मला मोकळं करा. काल तुमी का हसला त्ये मला राती नातवानं सांगितलं. माणसानं हसं हुईस्तवर खुर्चीत बसू न्हाई."

मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. आणि लॅपटॉप उघडून बसले. मीटिंगच्या खिडकीत खाली एक बटण होतं, इतके दिवस मी ते बघत होते आणि कधी दाबलं नव्हतं. दाबलं. त्यात भाषांची यादी होती, त्यात मराठी होतं. मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, सुभेदार बसा." आणि स्क्रीनच्या तळाशी मराठीत ओळ उमटली, "हॅलो हॅलो सुभेदार बसा."

सुभेदारांनी चष्मा लावला, ओळ वाचली, आणि बसले!

* * *

आता, मशीन मराठी शिकलंय पुण्याकडं कुठंतरी. आमच्याकडची मराठी त्यानं ऐकलेलीच नाही. पहिल्याच सोमवारी त्याची फे फे उडाली.

सुभेदार उभे राहून म्हणाले, "आमी मेढ्यात मिरची टाकली हाय."

खाली आलं, "आर्मी मेंढ्यात मिरची टाकली. हाय!"

सुभेदारांनी ती ओळ वाचली. मेंढ्या आणि मिरची त्यांना दिसलीच नसावी. म्हणाले, "ताई, ह्या मशीनला माजी सर्व्हिस कशी कळली?"

तेवढ्यात पलूसला जितूच्या दारात ड्रायव्हर आला. जितू म्यूट करायला विसरला आणि ओरडला, "काय रं, गाडीत हाईस व्हय?"

खाली ओळ आली, "काय रम गाडीत आहे."

सुभेदार एकदम पुढं झुकले. नाक स्क्रीनला लागलं. आवाज खाली आणून म्हणाले, "जितू, कँटीनची हाय का बाहिरची?"

* * *

मगदूम सर जैन. स्वभावानं इतके मऊ की रागावले तरी समोरच्याला वाटतं आपली चौकशी करतायत. बोलणंही तोंडातल्या तोंडात. मीटिंगची सुरुवात नेहमी हात जोडून, "जय जिनेंद्र."

मशीननं पहिल्या दिवसापासून लिहिलं, "जय जितेंद्र."

आता आमच्या जितूचं पूर्ण नाव जितेंद्र! दर सोमवारी मालक हात जोडून बसलेत आणि खाली जय जितेंद्र. जितूनं त्याचा स्क्रीनशॉट काढून सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. तिथं आधीपासून जितूबद्दल मत बरं नव्हतं. रोपं विकतो म्हणजे काय करतो, असं सासरे चारचौघांत विचारायचे.

स्क्रीनशॉट बघून सासऱ्यांनी तो प्रश्न विचारणं सोडलं. पुढच्या वेळी जितू गेला तर त्याला कॉटवर बसवलं आणि स्वतः खुर्ची घेतली. "मालक सोता हात जोडत्यात म्हंजे हुद्दा मोठा आसनार," असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं म्हणे.

मी एका सोमवारी सरांना म्हटलं, "सर, थोडं स्पष्ट म्हणा, म्हणजे मशीन बरोबर लिहील."

मीटिंग संपल्याबरोबर जितूचा फोन. "ताई, पाया पडतो. दिवाळीपतोर मशीन दुरुस्त करू नगा!"

* * *

महाबळेश्वरची शेड पत्र्याची. पावसाळ्यात तिकडं पाऊस पडत नाही, ओततो. संगीता बोलायला लागली की तिचा आवाज कमी आणि पत्रा जास्त. ती बिचारी बहुतेक वेळा म्यूटवरच असते. पण एकदा विसरली.

तर मशीनला बोलण्याशिवायचेही आवाज कळतात. गाणं लागलं तर ते "संगीत" लिहितं, लोक हसले तर "हशा". पत्र्यावरचा पाऊस ऐकून त्यानं काय लिहावं? "टाळ्या!"

त्या दिवशी सर रजांबद्दल बोलत होते. झेंडूच्या ऑर्डरी खूप होत्या, रोपं वेळेवर जायला हवी होती. सर नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "यंदा गणपतीत कुणालाच रजा देता येणार नाही."

खाली सरांची ओळ उमटली. तिच्याखाली लगेच, संगीताच्या नावापुढं, "टाळ्या."

सर म्हणाले, "गौरीच्या दिवशीही शेड चालू राहील."

"टाळ्या. टाळ्या."

सुभेदारांना पत्र्याचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यापुढं फक्त ओळी. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. शेवटी उभेच राहिले.

"सर, हुकूम आपला. रजा न्हाई तर न्हाई. पण ह्या पोरीला गौरीच्या दिवशी माहेरी पाठवा. हिला सासरी कायतरी तरास हाय!"

* * *

मी सगळ्यांना सूचना दिली. सुभेदारांना नीट वाचता यावं म्हणून हळू बोला, एकेक शब्द सुटा बोला, आणि जरा पुस्तकातल्यासारखं बोला. मशीनला शुद्ध लागतं.

बाकी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जितूनं घेतलं.

मीटिंगमध्ये तो असा बोलायला लागला, जणू आकाशवाणीवर बातम्या देतोय. "मिरचीची रोपे तयार आहेत. शेतकरी बांधव चौकशी करीत आहेत." सुभेदार खूश, मशीन खूश. सर म्हणाले, जितूचं बोलणं सुधारलं.

पण जीभ आहे ती. तिला कुठं कळतंय मीटिंग संपली? त्या आठवड्यात एक म्हातारे शेतकरी शेडवर आले. जितूला लहानपणापासून ओळखणारे. जितू म्हणाला, "नमस्कार. आपण रोपे केव्हा नेणार आहात?"

म्हातारबा उन्हात थांबले ते थांबलेच. टोपी काढली. म्हणाले, "जितू, माजं काय चुकलं का रं?"

"नाही, नाही. आपण बसावे."

म्हातारबा काही न घेता परत गेले आणि गावात सांगितलं, पोरगं लय माजलंय.

हे झालं शेडवर. त्याच संध्याकाळी मला जितूच्या बायकोचा फोन. आवाज रडवेला.

"ताई, ह्यांना तुमच्यातलं कुणी कायतरी बोललंय का वो? कालपासनं जेवताना मला धन्यवाद म्हणायला लागल्यात!"

* * *

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. एकदा मोठा घोटाळा झाला, तोही सांगते.

पावसानं उघडीपच दिली नव्हती. हवेत इतका ओलावा, की रोपांची मुळं कुजायला लागतात. सर म्हणाले, "सुभेदार, चार दिवस फ्लॉवरला पाणी देऊ नका."

सर बोलणार तोंडातल्या तोंडात. मशीननं ऐकलं आणि लिहिलं, "चार दिवस फ्लॉवरला पाणी देऊन टाका."

आम्ही तिघांनी कानानं ऐकलं होतं. खाली काय आलं ते कुणी बघितलंच नाही. सुभेदारांनी तेवढंच बघितलं. "जी सर!" म्हणाले, आणि चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, झारीनं पाणी घातलं. हुकूम म्हणजे हुकूम.

पाचव्या दिवशी फ्लॉवरच्या रोपांनी माना टाकल्या. अख्खी शेड. संगीता खाली उतरून मेढ्याला गेली होती, तिनं मला फोन केला. म्हणाली, "ताई, सुभेदार ट्रेच्या मधे उभे आहेत. सकाळपासून जेवले नाहीत म्हणे."

सर सांगलीहून गाडी काढून मेढ्याला आले. मीही गेले. मला खरंच भीती वाटत होती. माणूस कसाबसा थांबला होता, आता नक्की जाणार. सुभेदार सावधानमध्ये उभे. म्हणाले, "सर, चूक माजी. काय त्ये शिक्षा करा."

सरांनी त्यांना काही विचारलं नाही. मला म्हणाले, "अश्विनी, सोमवारी मी काय बोललो आणि खाली काय आलं?" मी माझ्या लॅपटॉपवर साठलेलं मीटिंगचं बोलणं उघडून दाखवलं. सरांनी वाचलं. मग ते सुभेदारांच्या अगदी समोर गेले, ओठ नीट दिसतील असे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं.

"सुभेदार! मी तोंडातल्या तोंडात बोलतो! चूक माझी आहे!"

शेडमधल्या बायका हातातलं काम टाकून बघायला लागल्या. इतक्या मोठ्यानं तर त्यांना कधी कुणी रागावलंही नव्हतं. सुभेदारांना शब्द न् शब्द कळला. मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सर, आसंच बोलत जावा की! छान आवाज हाय!"

रोपं पुन्हा टाकली. ज्या शेतकऱ्यांना द्यायची होती त्यांच्याकडं सुभेदार स्वतः गाडीवर जाऊन सांगून आले, थोडं थांबा म्हणून. आणि सगळे थांबले.

* * *

त्यानंतर सुभेदारांनीच एक नियम काढला. फौजेत वायरलेसवर हुकूम आला की ऐकणारा तो परत बोलून दाखवतो. तसं आपणही करायचं. खाली जी ओळ येईल ती सुभेदार मोठ्यानं वाचणार, मग "रिपीट" म्हणून पुन्हा एकदा वाचणार, आणि बोलणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं. मगच हुकूम पक्का.

नियम फार चांगला. त्यानंतर एकही रोप पाण्यानं मेलं नाही.

पण एका सोमवारी मीटिंग चालू असताना सरांच्या मोबाइलवर घरून फोन आला. सरांनी मान बाजूला वळवली. म्यूट करायचं राहिलं. सर हळूच काहीतरी बोलले आणि फोन ठेवून पुन्हा आमच्याकडं वळले. "हां, तर आपण उसाच्या रोपांबद्दल…"

सुभेदार उठून उभे राहिले. स्क्रीनवर बटणं.

"येताना कोथिंबीर आणतो. एक जुडी. रिपीट! एक जुडी! बरोबर, सर?"

आम्ही सगळे ओठ दाबून बसलेलो. सरांचा चेहरा टोमॅटोसारखा.

"…बरोबर."

* * *

आता पलूस.

पलूस हे गाव मशीननं कधी ऐकलेलंच नाही. त्याला एकच जवळचा शब्द माहीत आहे, पोलीस. मीटिंगमध्ये आम्हाला ते सवयीचं झालं होतं. "पोलीसला मिरची कमी पडली," "पोलीसचे ट्रे परत आले नाहीत," असलं काहीबाही दर सोमवारी यायचं. सुभेदार सुरुवातीला दचकायचे, मग मीटिंगपुरतं तेही शिकले.

पण त्या दिवशी मीटिंग नव्हती. जितूनं मधेच, फक्त सुभेदारांना, ब्राउझरवरून कॉल लावला. तीनच वाक्यं बोलला आणि त्याचं नेटवर्क गेलं. सुभेदारांपुढं उरल्या दोन ओळी.

"पोलीसची गाडी निघाली आहे. दुपारी तुमच्या दारात येईल. सगळा माल बाहेर काढून ठेवा."

जितू बोलला होता पलूसच्या गाडीबद्दल. ती उसाची रोपं घेऊन येणार होती आणि जाताना मेढ्याची झेंडूची रोपं नेणार होती. साधी गोष्ट.

सुभेदारांना वाटलं, धाड! कशाची ते त्यांना कळेना. पण ज्या माणसानं आयुष्यात कधी रांग मोडली नाही, त्याच्या दारात पोलीस येणार म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. फोन करून विचारावं तर फोनवर ऐकू येत नाही. मग त्यांनी जे केलं ते मला नंतर गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

शेडमधल्या बायकांना त्यांनी सांगितलं, घाबरायचं न्हाई, इचारलं तेवढंच बोलायचं. स्वतः घरी जाऊन आले. इस्त्रीचा ब्लेझर चढवला. छातीवर सगळी पदकं लावली. नर्सरीचं लायसन, वीजबिल, आपलं फौजेतलं डिस्चार्जचं पुस्तक, सगळं एका पिशवीत घेतलं. झेंडूचे ट्रे दारात एका रेषेत मांडले, अगदी दोरी धरून. आणि फाटकाशी सावधानमध्ये उभे राहिले.

दुपारी वळणावरून गाडी आली. ड्रायव्हरनं लांबून बघितलं, तर सुभेदार पदकं लावून उभे, मागं झेंडूची रांग, शेडच्या बायका डोक्यावर पदर घेऊन गप्प उभ्या. त्याला वाटलं कोणीतरी मोठं गेलं. त्यानं गाडी बंद केली, चपला काढल्या, आणि हात जोडून अनवाणी चालत आला.

"कवा झालं?" त्यानं हळूच विचारलं.

सुभेदारांनी त्याचे ओठ वाचले. "काय कवा झालं? पोलीस कुठं हायत?"

"पोलीस? आमी पलूसचं."

सुभेदारांनी गाडीकडं बघितलं. गाडीवर मोठ्या अक्षरात पलूस लिहिलेलं. मग ट्रेच्या रांगेकडं बघितलं. मग ड्रायव्हरच्या अनवाणी पायांकडं.

"आसूं द्या," म्हणाले. "पोलीस काय आन् पलूस काय. साहेबांसाठी चहा टाकलाय, त्यो तुमी घ्या."

आणि पदकं लावूनच त्यांनी ड्रायव्हरला चहा ओतून दिला.

* * *

शेवटचा एक. हा मी सहसा चहाला सांगत नाही, पण आज सांगते.

मेढ्याच्या शेडवर लाइट नव्हती. तारांवर झाड पडलं होतं. म्हणून सुभेदार त्या सोमवारी घरूनच, पडवीत बसून, मीटिंगला आले. घर घाटाच्या वरच्या अंगाला. मीटिंग नेहमीसारखी झाली. सर गेले, जितू गेला. मी आणि संगीता ट्रेवरून काहीतरी बोलत मागं राहिलो. सुभेदार उठले, टोपी घातली, पण बंद करायचं बटण दाबायला विसरले. कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची, त्यामागं दार, आणि दारात पाठमोऱ्या काकी, त्यांची बायको. मी त्यांना कधी नीट बघितलंही नव्हतं.

आणि खाली ओळी यायला लागल्या. लॅपटॉप सुभेदारांचा, म्हणून पुढं नाव सुभेदारांचं.

"शेलार सुभेदार: जपून जावा."

"शेलार सुभेदार: घाटात गाडी पळवू नका."

"शेलार सुभेदार: डबा खावा. कालचा तसाच परत आणला."

पत्र्याच्या आवाजात संगीताला नुसत्या ओळीच दिसत होत्या. ती म्हणाली, "सुभेदार, मी कुठं घाटात चाललेय?"

तिकडून काही नाही. आमचा आवाज बहुतेक त्यांच्या लॅपटॉपवर बंद होता. मग सुभेदार परत आले. चष्मा टेबलावर राहिला होता. चष्मा लावला आणि नजर स्क्रीनवर गेली. ओठ हलवत वाचायची त्यांची सवय. तीन ओळी त्यांनी ओठ हलवत वाचल्या. पहिल्यांदा स्वतःचं नाव बघून गोंधळले. मग मागं वळले.

"हिरा, ह्ये तू म्हणालीस?"

काकी वळल्या. "काय?"

"गाडी पळवू नका."

"मग? रोजच म्हणते की."

सुभेदारांनी काकींकडं नाही, स्क्रीनकडं बघितलं. तिथं उत्तर उमटलं होतं. ते वाचलं.

"रोज?"

"लगीन झाल्यापास्नं. सुट्टी संपवून पलटणीत निघायचा, तवाबी म्हणायची."

पुन्हा स्क्रीन. पुन्हा ओठ. मी आणि संगीता इकडं वाचत होतो. बंद करायला हवं होतं, कळत होतं, तरी केलं नाही.

"मला कदी ऐकू आलं न्हाई, हिरा."

"म्हाईत हाय."

"मग कशाला म्हणायचीस?"

काकींना हसू आलं. पदर तोंडावर घेतला. "तुमाला ऐकू यावं म्हणून कुठं म्हणत हुते!"

मशीन बिचारं हेही लिहून मोकळं झालं. सुभेदारांनी ते वाचलं. टोपी काढली, टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसले आणि लॅपटॉप काकींकडं फिरवला.

"ये, बस हितं. आजून काय काय म्हणतीस?"

"आवं, कामाला जायचं हाय न्हवं?"

"जाईन. तू बोल."

तेव्हा मात्र मी आणि संगीतानं एकदमच बटण दाबलं.

त्या दिवशी मेढ्याची शेड उशिरा उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या सोमवारी सरांनी विचारलंच, मोठ्यानं, हल्ली ते तसंच बोलतात, "सुभेदार, त्या दिवशी उशीर झाला म्हणे? काय काम निघालं?"

सुभेदार उठून उभे राहिले. स्क्रीनवर नेहमीसारखी बटणं.

"जी सर. लगीन झाल्यापास्नंचं पेंडिंग निघालं. रोज थोडं थोडं काढतोय."